चौकोनी ठिगळं : नाशिकहून पणजीपर्यंत

गुरुवार : नाशिक ते मुंबई

शहरातल्या कुठल्याही गल्लीचा फोटो बघा. चौकटीचा खालचा बराच हिस्सा रस्त्याने व्यापलेला असतो. फोटो काढणाऱ्याचं लक्ष जुन्या गॅलरीवर, देवळाच्या शिखरावर नाहीतर समोर उभ्या माणसांवर असतं. रस्ता न बोलावता आत येतो. शहराबद्दलचं आपलं मतही असंच बनत असावं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. पाहुणा वर बघत चालतो, पण गाव नीटनेटकं की गबाळं हे तो पायाखालून ठरवतो.

दिवाळीनंतर आत्याला पणजीला तिच्या मैत्रिणीकडे न्यायचं होतं. सरळ न जाता मुंबई, पुणे, कोल्हापूर असे मुक्काम करत जाऊ आणि जाताना रस्तेच बघू, असं मी सुचवलं. ती लगेच तयार झाली. तिची सगळी नोकरी रस्त्याचं साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत झाली. खडी चाळायची, डांबर तापवायचं, सिमेंटचे ठोकळे यंत्रात घालून फोडायचे, हेच तिचं काम. आता दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून ती काठी घेऊन चालते. त्यामुळे रस्ता बनवणाऱ्याचा हिशोबही तिला कळतो आणि चालणाऱ्याचा त्रासही.

हे दिवस रस्ते बघायला फार चांगले. पाऊस गेलेला असतो, पावसाळ्यात बंद असलेले डांबराचे प्लांट पुन्हा धुरायला लागलेले असतात आणि पावसाने उघडं पाडलेलं सगळं काही बुजवायची घाई चाललेली असते. कसारा उतरून शहापूरच्या पुढे आलो, तसा महामार्गावर काळ्या ठिगळांचा पट्टाच सुरू झाला. मी कुरकुरलो, पण आत्या काचेला नाक लावून बघत होती.

"ठिगळ आहे म्हणून रस्ता वाईट ठरत नाही रे. ठिगळाचा आकार बघ," ती म्हणाली. "चौकोनी असेल तर कुणीतरी मनापासून केलंय. गोल असेल तर नुसतं भरलंय."

तिने समजावलं ते असं. खड्ड्याच्या भोवतीचं डांबर आधीच सैल झालेलं असतं, दिसायला धड असलं तरी. ते कापून काढावं लागतं, आणि कापताना कडा सरळ उभ्या ठेवाव्या लागतात. यंत्राने कापलं की आकार आपसूक चौकोनी येतो. मग आतली धूळ, पाणी साफ करायचं, तळाला आणि कडांना पातळ डांबराचा हात द्यायचा, गरम माल भरायचा आणि तो गार व्हायच्या आत दाबायचा. यातलं काहीच न करता खड्ड्यात माल ओतून फावड्याने थोपटला, तर ठिगळ खड्ड्याच्याच आकाराचं होतं. त्याच्या कडा निमुळत्या असतात. टायर पहिल्यांदा कडेवर आपटतं, पाणी तिथूनच आत शिरतं, खडीवरचं डांबर सोडवतं आणि पुढच्या पावसात खड्डा होता त्याहून मोठा होतो.

भिवंडीच्या फाट्यापर्यंत आम्ही ठिगळंच बघत आलो. बहुतेक गोल होती.

मुक्काम माटुंग्याला. संध्याकाळी लोकलने चर्चगेटला उतरून हुतात्मा चौकात गेलो. इथलं फ्लोरा फाउंटन १८६४ सालचं. त्याच्या दुरुस्तीच्या वेळी जमिनीखाली ट्रामचे रूळ सापडले होते. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, तरी रूळ खालीच राहिले होते. आपल्याकडे रस्ता सहसा काढला जात नाही, झाकला जातो. एका थरावर दुसरा, त्यावर तिसरा. हे वाक्य पुण्यात पुन्हा आठवणार आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो.

तिथून मरीन ड्राइव्ह. स्वातंत्र्याच्या आधी इथे घातलेलं काँक्रीट पुढे कितीतरी दशकं टिकलं, आणि मुंबईतल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात त्याचा अभिमान अजून येतो. नंतर त्यावर डांबर आलं. दिवे लागल्यावर आत्याने मला एक गोष्ट दाखवली. डांबर प्रकाश पिऊन टाकतं. दिव्याच्या खांबाखाली तेवढं उजळतं आणि दोन खांबांच्या मध्ये रस्ता पुन्हा काळा. काँक्रीट फिकट असल्याने तेवढ्याच दिव्यांत ते जास्त उजळ दिसतं. माटुंग्याला परतताना नव्याने काँक्रीट झालेल्या एका गल्लीत शिरलो, तर खरोखरच तिथे दिवे जास्त लावल्यासारखं वाटलं. दिव्यांचे खांब मात्र शेजारच्या डांबरी गल्लीत होते तसेच आणि तेवढ्याच अंतरावर होते.

शुक्रवार : मुंबई ते पुणे

सकाळी चहाच्या आधी त्याच गल्लीत पुन्हा गेलो, कारण आत्याला ती उजेडात बघायची होती.

मुंबईत २,००० किलोमीटरहून जास्त लांबीचे रस्ते आहेत, आणि ते सगळे काँक्रीटचे करण्याचा मोठा कार्यक्रम २०२३ पासून जोरात सुरू आहे. नवीन काँक्रीट बघणाऱ्याला आवडतंच. फिकट, सपाट, वर आडव्या बारीक रेघा. या रेघा ओलं असताना ब्रशने ओढतात, टायरची पकड राहावी म्हणून. मधे मधे, साधारण साडेचार मीटरवर, रस्त्याच्या रुंदीभर कापलेली खाच असते. मला ती शोभेची वाटायची. आत्या म्हणाली, "काँक्रीट आकसतं, त्याला तडा जाणारच. तो वेडावाकडा जाऊ द्यायचा की आपण सांगू तिथे, एवढंच आपल्या हातात. म्हणून ओतल्यावर काही तासांत कापायचं. उशीर झाला की तडा आधी येतो आणि खाच नंतर." तिने काठीने दाखवलं. एका खाचेच्या शेजारून केसासारखा एक तडा तिरपा गेला होता.

पण ती थांबली ती तिथे नाही, रस्ता संपतो तिथे. नवं काँक्रीट आणि जुना फुटपाथ यांच्या मधे हातभर रुंदीची पट्टी होती. तीत विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक भरलेले. रस्ता उत्तम, फुटपाथ चालण्याजोगा, आणि दोघांच्या मधे कुणाचंच नसलेलं असं हे काहीतरी. रस्त्याचं काम एकाकडे, फुटपाथचं दुसऱ्याकडे, तारा-नळ्यांचं तिसऱ्याकडे. प्रत्येकाने आपलं काम आपल्या रेघेपर्यंत केलं होतं.

आत्याच्या पर्समध्ये शिंप्याची टेप असते. तिने फुटपाथची उंची मोजली, बावीस सेंटिमीटर. पायी चालणाऱ्यांसाठीच्या सोयींची मार्गदर्शक तत्त्वं रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने आयआरसी १०३ या पुस्तिकेत दिली आहेत. त्यांत ही उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी असं म्हटलं आहे. सात सेंटिमीटरचा फरक कागदावर काहीच नाही. गुडघा न वाकणाऱ्या बाईला मात्र तेवढ्यासाठी कुणाचा तरी हात धरावा लागतो. आम्ही तिथे उभे असताना दुधाच्या पिशव्या घेऊन आलेल्या एका आजोबांनी फुटपाथकडे बघितलंही नाही, ते सरळ रस्त्याच्या मधून चालत गेले. त्यांच्या दृष्टीने सगळ्यात चांगला भाग तोच होता.

शिवडीहून अटल सेतू धरला. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला हा जवळजवळ बावीस किलोमीटरचा पूल. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की गाडीत बोलणं थांबलं आणि कुणी ते थांबवलं नव्हतं. पुढे एक्स्प्रेस वे. ९४.५ किलोमीटरचा हा काँक्रीटचा मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, आणि माझ्या पिढीला 'चांगला रस्ता' म्हणजे काय ते पहिल्यांदा त्याने दाखवलं. त्याचा आवाज वेगळा असतो. रेघांवरून टायर गेलं की एकसुरी घूं, आणि सांध्यांवर हलकासा टप. पुण्यात शिरताना तो आवाज बंद झाला की शहर आलं म्हणून समजायचं.

पुण्यात जंगली महाराज रस्ता बघितल्याशिवाय आत्या पुढे जाणार नव्हती. या रस्त्याची गोष्ट पुण्यातली जुनी माणसं हमखास सांगतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पावसाने शहरातले रस्ते वाहून गेले तेव्हा पालिकेने मुंबईच्या 'रेकॉन्डो' नावाच्या कंपनीला हे काम दिलं. कंपनी पारशी भावांची. १९७६ मध्ये रस्ता झाला आणि त्यांनी दहा वर्षांची हमी लेखी दिली. दहा वर्षं गेली, त्यानंतरही दशकं गेली, आणि डांबरी असूनही खड्डा नसलेला रस्ता म्हणून त्याचं नाव राहिलं.

आत्याचं म्हणणं, यात जादू काही नाही. खडी नीट निवडलेली, माल पुरेसा गरम असताना पसरलेला, जाडी ठरल्याप्रमाणे, आणि रस्त्याला मधून कडेकडे व्यवस्थित उतार. "डांबराचं आणि पाण्याचं वैर आहे. पाणी निघून गेलं की डांबराला मरण नाही." मला मात्र दुसरीच गोष्ट जाणवत होती. हा रस्ता कधी देखणा म्हणून प्रसिद्ध नव्हता. डांबरावरचा काळा पातळ थर झिजला की आतली खडी वर दिसते आणि रस्ता करडा पडतो, तसाच तोही पडला. नव्या डांबराची ती काळी चमक त्याच्यावर वर्षानुवर्षं नव्हती. तरीही पुणेकर पाहुण्याला तो मुद्दाम दाखवायचा, कारण त्याला माहीत होतं की हा रस्ता उद्याही असाच असेल. अलीकडे त्याचे फुटपाथ रुंद झाले, बसायला बाक आले. आत्या एका बाकावर चांगली अर्धा तास बसली. मुंबईहून निघाल्यापासून टेप पर्समधून बाहेर न निघालेली ही पहिली जागा.

संध्याकाळी सदाशिव पेठेत एका नातेवाइकांकडे जेवायला गेलो. जुना वाडा, थोडाच भाग उरलेला. दिंडी दरवाजातून आत जायला दोन पायऱ्या उतराव्या लागतात. घरच्या काकू म्हणाल्या, लग्न होऊन त्या आल्या तेव्हा दोन पायऱ्या चढाव्या लागायच्या. वाडा खचलेला नाही, रस्ता वर आला आहे. दर काही वर्षांनी जुन्यावरच नवा थर, जुना खरवडून न काढता. रस्ता दरवेळी नवा कोरा दिसला, पेपरात त्याचे फोटो आले आणि उंबरठा तेवढा खाली जात राहिला. आता जोराचा पाऊस आला की काकू दाराला फळी लावतात. बाहेरून येणाऱ्याला ती गल्ली गुळगुळीत दिसते आणि तो म्हणतो, पेठांमधले रस्ते सुधारले हो. दिंडीच्या आत उभं राहून बघितल्याशिवाय त्याला दुसरी बाजू कळायची नाही.

शनिवार : पुणे ते कोल्हापूर

निघण्याआधी आत्याने मला कोथरूडच्या एका रस्त्यावर गाडी बाजूला घ्यायला लावली. डांबरात ताटलीएवढी एक गोल खूण होती, कंपासने काढावी तशी. माझ्या डोळ्यांना ते आणखी एक ठिगळ. तिचा चेहरा मात्र ओळखीचं माणूस भेटावं तसा झाला.

"हे कोअर कापलेलं आहे. आमचं काम!"

रस्ता झाल्यावर पोकळ नळीच्या यंत्राने त्यातून दंडगोल काढतात. तो उभा धरला की रस्त्याचा आडवा छेद हातात येतो. वरचा थर किती जाडीचा, खालचा किती, खडी आणि डांबर एकजीव आहे की मधे पोकळी राहिली आहे, सगळं दिसतं. ठरलेली जाडी आणि निघालेली जाडी यांतला फरक तिने किती वेळा लिहिला असेल, कुणास ठाऊक. गरम माल ज्या तापमानाला दाबायला हवा त्याच्या खाली गेला असेल तर वरून काहीच कळत नाही. रोलर फिरलेला असतो, पृष्ठभाग काळाभोर असतो. कोअर मात्र सांगतो. म्हणून नवा काळा रस्ता बघून हुरळून जाणाऱ्यांत ती कधी नव्हती. एवढी वर्षं तिने रस्ता वरून न बघता बाजूने बघितला होता.

भोकात भरलेला माल आजूबाजूच्या पातळीला अगदी सपाट होता. तिने काठीचं रबरी टोक त्यावरून फिरवलं, कुठे अडलं नाही. "चांगलं बुजवलंय," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

साताऱ्यापासून कागलपर्यंत महामार्गाचं सहापदरीकरण चाललं आहे. वळणरस्ते, धूळ, सिमेंटचे अडथळे. तो प्रवास कसाबसा उरकला.

कोल्हापुरात रस्ता हा नुसता सोयीचा विषय नाही. राज्यातलं दुसरं शहर मला माहीत नाही जिथे रस्त्यावरून एवढी मोठी चळवळ झाली. शहरातले सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते खासगी कंपनीकडून बांधून घ्यायचे आणि तिने टोल वसूल करून पैसे उभे करायचे, अशी योजना आली. शहराच्या वेशीवर नाके उभे राहिले. आपल्याच गावात शिरायला पैसे द्यायचे हे कोल्हापूरकरांना मान्य नव्हतं, आणि कामं अपुरी, दर्जा कमी, हाही आक्षेप होता. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी वयोवृद्ध माणसं पुढे उभी राहिली. २०१४ मध्ये नाके पेटले. शेवटी २०१५-१६ मध्ये टोल कायमचा गेला. पानसरे तो दिवस बघायला राहिले नव्हते, फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांची हत्या झाली.

भाऊसिंगजी रस्त्यावर एका चहाच्या गाड्यापाशी आत्या वाकून चेंबरचं झाकण बघत होती.

"काय हुडकालाय आजी? काय पडलंय काय?" गाडेवाल्याने विचारलं.

काय बघतोय ते सांगितल्यावर त्याने चहा ठेवायचाच थांबवला. टोलच्या वेळी तो शाळकरी पोरगा होता, वडिलांचं बोट धरून मोर्चाला गेला होता. "रस्ता आमचा आणि आम्हीच पैसं द्यायचं, असं चालतंय व्हय? पण आता बघा की. टोल गेला, ते बरंच झालं. पर खड्डं भरायला बी कोण तरी पाहिजे का नको? बाहेरनं माणसं अंबाबाईला येत्यात, ती काय म्हणत असतील?"

ती काय म्हणत असतील, हाच आमचाही विषय होता. झाकण रस्त्याच्या पातळीच्या चार बोटं खाली गेलेलं. वरचा थर नवा घातला, पण झाकणाची चौकट वर उचलली नाही. दुचाकीवाले त्याला वळसा घालत होते, आणि वळसा घालून घालून शेजारचं डांबर झिजून चाकोरी पडली होती. म्हणजे एक झाकण न उचलल्याने दोन जागा बिघडल्या होत्या.

संध्याकाळी देवळात गेलो. चप्पल ठेवून महाद्वारापर्यंत अनवाणी चालताना माझ्या लक्षात आलं, की भाविकाला रस्ता डोळ्यांनी नव्हे तर तळव्यांनी कळतो. पेव्हर ब्लॉकच्या उचललेल्या कडा, मधे सांडलेली बारीक कच, मग उन्हाने तापून अजून कोमट असलेलं डांबर, आणि आवारात शिरल्यावर पायाखाली आलेली झिजलेली गार फरशी. तिथे पोचल्यावर खांदे सैल पडले. शेजारी सोलापूरकडचं एक कुटुंब होतं. त्यातली आजी देवळाच्या आवारात पाय ठेवताना "आई गं, बरं वाटलं" म्हणाली. देवीचं दर्शन तिला अजून व्हायचं होतं. ज्या गावात दरवर्षी लाखो माणसं अनवाणी चालतात, तिथला शेवटचा शंभर-दोनशे पावलांचा रस्ता हा त्या गावातला सगळ्यात महत्त्वाचा रस्ता आहे, याबद्दल माझ्या मनात आता काही शंका नाही. तो सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट व्हायला हवा. तो हमखास मागे राहतो, कारण त्यावरून कुणाची गाडी जात नाही.

रविवार : कोल्हापूर ते पणजी

आजरा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता घेतला. या वाटेवर रंग बदलतो, आणि ते बघायला मी मुद्दाम पुढे बसून गाडी हळू हाकत होतो. घाटमाथ्यापर्यंत सगळं काळं. खडी काळ्या पाषाणाची, साईडपट्टीचा मुरूम तपकिरी. आंबोलीच्या सड्यावर जांभा सुरू होतो आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना लाल रेघ उमटते. डांबर तेच असतं, पण लाल मातीने कडेचं काळं पुसट होत जातं, आणि खाली कोकणात उतरेपर्यंत रस्ता मातीतून उगवल्यासारखा दिसायला लागतो. कोकण सुंदर आहे असं म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांत झाडं, समुद्र, कौलं असतात. ती लाल कड नसती तर हे सौंदर्य निम्मं झालं असतं असं मला वाटतं. अलीकडे रुंद केलेल्या भागात ती कड पेव्हर ब्लॉकने आणि काँक्रीटच्या गटाराने झाकली आहे. पाण्यासाठी गटार हवंच. पण तिथून जाताना आपण कुठेही असू शकलो असतो, एवढं नक्की.

दुपारी पणजी. आत्याच्या मैत्रिणीचं घर 'मळा' नावाच्या भागात, फोंतेनहास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीच्या पलीकडे. मी त्यांना मावशी म्हणतो. त्यांनी घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली आहे. जेवताना मागची दोन-तीन वर्षं कशी गेली ते त्यांनी सांगितलं. २०२२ नंतर पणजी जवळजवळ सगळी खोदली गेली. मलनिस्सारणाच्या जुन्या वाहिन्या बदलायच्या, वीज आणि इंटरनेटच्या तारा खाली घालायच्या, गटारं, रस्ते, सगळं स्मार्ट सिटीच्या नावाने एकाच वेळी. धुळीचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला.

"पाहुणे सकाळी खिडकी उघडायचे आणि लगेच लावून घ्यायचे," मावशी म्हणाल्या. "गोवा म्हणजे एवढी धूळ? असं मला विचारायचे. मी काय सांगणार? मी त्यांना पोटभर खायला घालायची."

खोदायला हवं होतं, हे त्याही मान्य करतात. वाहिन्या जुन्या झाल्या होत्या, पणजीचा बराच भाग खालच्या पातळीवर आहे, भरतीच्या वेळी पाणी उलटं येतं. त्यांची तक्रार वेगळी होती. एक गल्ली बुजली की पुन्हा तीच उघडायची. बुजवल्यावर दाबायचं नाही, मग खड्डा खचायचा. आत्या मान डोलवत होती. चर भरताना माती थराथराने दाबायची असते, एकदम ढीग ओतून वरून रोलर फिरवला तर तळाची माती सैलच राहते आणि पहिल्या पावसात बसते. हे काही गुपित नाही, पण त्याला वेळ लागतो, आणि घाईत पहिला बळी वेळेचाच जातो.

सोमवार : पणजी

सकाळी सातला फोंतेनहासमध्ये गेलो, कारण नऊनंतर तिथे फोटो काढणाऱ्यांची रीघ लागते आणि रहिवाशांना दार उघडणं नकोसं होतं. निळ्या, पिवळ्या, तांबड्या भिंती, पांढऱ्या चौकटी, निळ्या टाइल्सवर लिहिलेली गल्ल्यांची नावं. आज मी मुद्दाम खालीच बघत होतो. भिंत जमिनीला मिळते ती रेघ जवळजवळ प्रत्येक घरी रंगवलेली आहे, वीतभर उंचीची गडद पट्टी, शिंतोडे दिसू नयेत म्हणून. बहुतेक घरांपुढे ती पूर्ण दिसते. काही घरांपुढे मात्र रस्ता वर येऊन ती निम्मी गाडली गेली आहे, आणि तिथे भिंतीला ओल चढून रंगाचे पापुद्रे सुटले आहेत. सदाशिव पेठेतला उंबरठा आणि ही पट्टी, दोन्हींची गोष्ट एकच. आत्याने इथेही टेप काढली. एका घरापुढे पट्टी वीतभर, तिसऱ्या घरापुढे चार बोटं.

नव्या झालेल्या गल्ल्यांमध्ये मात्र काम चांगलं आहे हे सांगायलाच हवं. दोन ठिकाणी झाकणं रस्त्याशी इतकी सपाट बसलेली होती की आत्याची काठी त्यावरून अडखळलीच नाही. तिने दोन्ही वेळा मागे वळून पाहिलं. एका वळणावर चर भरलेली जागा दिसली. सरळ कापलेली, चौकोनी, कडेला डांबराची काळी रेघ, पाणी शिरू नये म्हणून भरलेली. मी फोटो काढला तेव्हा मागच्या पिवळ्या घराकडे कॅमेरा धरून उभी असलेली एक मुलगी माझ्याकडे आश्चर्याने बघत राहिली.

दहाच्या सुमाराला रायबंदरच्या रस्त्याने जुन्या गोव्याकडे निघालो. पणजीला रायबंदरशी जोडणारा हा बांध १६३०च्या दशकात 'लिन्यारिशचा काउंट' ही पदवी असलेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने बांधवला, पोर्तुगीजांनी त्याला त्याचंच नाव दिलं. जवळजवळ तीन किलोमीटरचा, दलदलीतून काढलेला, जांभ्याच्या चिऱ्यांचा. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खारफुटी आणि मिठागरांची जमीन. वरचं डांबर कितीदा बदललं असेल, पण अंग तेच आहे आणि बसगाड्या अजून त्यावरून जातात. आत्याने गाडी थांबवायला सांगितली आणि कठड्याला धरून बाजूने खाली वाकून बघितलं. पाण्याच्या रेषेपाशी चिरे दिसत होते, शेवाळाने हिरवे झालेले, सांधे अजून धरून असलेले. चारशे वर्षांच्या जवळ आलेल्या रस्त्याचा छेद तिला कोअर न कापता बघायला मिळाला.

परतीच्या वाटेवर ती नाशिकबद्दलच बोलत होती. २०२७चा सिंहस्थ जवळ आलाय, गावात जागोजागी खोदकाम चाललंय, आणि पणजीत घडलं ते आमच्याकडे घडायला वेळ लागणार नाही. रामकुंडाकडे जाणाऱ्या गल्ल्यांतून लाखो माणसं अनवाणी चालणार आहेत. तिचं म्हणणं साधं होतं: नवे थर घालण्याआधी जुने खरवडा, झाकणं वर उचला, चर थराथराने दाबा, आणि रस्त्याचं कंत्राट देताना फुटपाथपर्यंतची ती हातभर पट्टी कुणाकडे आहे हे कागदावर लिहा.

घरी आल्यावर आम्ही रविवार कारंजापासून पंचवटीपर्यंतची झाकणं आणि चर यांची नोंद करायला घेतली आहे. आत्या टेप धरते, मी फोटो काढून जागा लिहितो. यादी पूर्ण झाली की ती प्रभागाच्या बैठकीत मांडणार आहोत. तुमच्या गल्लीतलं एखादं झाकण त्यात यायला हवं असेल तर कळवा.